ओळखीचा हात

भिंगरीला एका जागी बसता येत नसे, आणि तिची नोकरी होती लोकांना एका जागी बसवण्याची.

देशात किती जणांना बीपी आहे, किती जणांची साखर वाढली आहे, त्यांतल्या किती जणांना ते माहीत आहे आणि माहीत असलेल्यांपैकी किती जण गोळ्या खरोखर घेतात, हे शोधून काढणारं एक सरकारी खातं होतं. दर काही वर्षांनी ते आपली माणसं घरोघर धाडत असे. कुठली घरं, ते मुख्य कचेरीतला संगणक ठरवायचा. त्या घरांची बेल वाजवायची, आतल्या माणसांची उंची, वजन, पोटाचा घेर मोजायचा, बीपी बघायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि तंबाखू, मीठ, चालणं-फिरणं यांबद्दल नको ते प्रश्न विचारायचे, हे भिंगरीचं काम. आकडे वर जायचे, तिथे त्यांचे तक्ते व्हायचे, आणि तक्त्यांवरून कुठे दवाखाना हवा, कुठे औषधं कमी पडतात, ते ठरायचं. निदान ठरायला हवं होतं. ठरत होतं का, हा प्रश्न विचारला की साहेबलोक चष्मा पुसायला लागायचे.

भिंगरी हे नाव आईने ठेवलेलं. पाळण्यात असल्यापासून पोर गरगर फिरतेय, असं आईचं म्हणणं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं. लग्नानंतर नवऱ्यानेही भिंगरीच म्हणायला सुरुवात केली, आणि एकदा नवऱ्याच्या तोंडी बसलेलं नाव सुटत नाही.

बीपी मोजायचं म्हणजे आधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं, हा खात्याचा नियम. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर, तोंड बंद. मग तीनदा मोजायचं आणि पहिला आकडा सोडून द्यायचा, कारण पहिल्यांदा पट्टा आवळला की माणूस उगीचच धास्तावतो. पाच मिनिटं म्हणायला सोपी. चांगली धट्टीकट्टी माणसंसुद्धा दीड मिनिटात चुळबुळ करायला लागतात. कुणाला गॅसवरचं आठवतं, कुणाला फोन, आणि कुणाला अगदी तेव्हाच शेजाऱ्यांबद्दल काहीतरी सांगायचं असतं. भिंगरी त्यांना डोळ्यांनी दटावायची. स्वतः मात्र तेवढ्या वेळात भिंतीवरचे वाकडे फोटो सरळ करायची, कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणे लावायची. एका घरी तर तिने खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं होतं. घरमालकाने गप्प बसायचं कबूल केलेलं, त्यामुळे त्या खोट्या फुलांच्या कुंड्या होत्या हे त्याला पाच मिनिटांनंतरच सांगता आलं.

आकडा वाढलेला निघाला की म्हणायचं एक वाक्य होतं. "घाबरण्यासारखं काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा." दर मोहिमेआधी भिंगरी हे वाक्य स्वयंपाकघरात घोकायची. जड आवाजात म्हटलं तर माणूस तिथेच पांढरा पडतो, आणि हलक्या आवाजात म्हटलं तर मान हलवून टीव्ही लावतो. त्यामुळे सूर नेमका लागला पाहिजे. भांडी घासताना, ओटा पुसताना ते चालू असायचं, आणि तिचा नवरा बूट चढवता चढवता ऐकायचा. फार फार तर म्हणायचा, "काल बरं म्हणत होतीस." आकडा फारच वर गेला तर म्हणायचं दुसरं वाक्य होतं, पण ते तिने कधी घोकलं नव्हतं. ते म्हणायची वेळच क्वचित यायची.

तिला खरी चीड एकाच जातीच्या माणसांची. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्यांची. दार अर्धवट उघडून, छाती काढून सांगायचे, की आम्हाला काही होत नाही, पुढच्या घरी जा. "होत नाही म्हणजे काय?" ती घरी येऊन नवऱ्यावर ओरडायची. "बीपी काय बेल वाजवून येतं? ज्याला आहे त्याला पत्ता नसतो, हेच तर आम्ही मोजत फिरतोय!" नवरा म्हणायचा, "खरंय." तो सगळ्यालाच खरंय म्हणायचा.

आता या नवऱ्याबद्दल सांगायलाच हवं. तो गाडी शिकवायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या पांढऱ्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचा, आणि त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. त्याच्या शेजारी बसून लोकांनी काय काय केलं नाही? विजेच्या खांबाला गाडी लावली, एकेरी रस्त्यावर उलटे शिरले, एकाने तर सिग्नलला दोन्ही हात सोडून डोळे मिटून घेतले. याचा आवाज कधी चढला नाही. पाय ब्रेकवर अलगद पडायचा आणि तोंडाने म्हणायचा, "छान. आता क्लच." एकाच माणसाला तो गाडी शिकवू शकला नाही, ती त्याची बायको. ती आरसाच वीस वेळा हलवायची.

आणि म्हणूनच तो तिचा ओळखीचा हात होता.

ओळखीचा हात ही खात्यातली पद्धत. मोहिमेच्या काळात मशीन रोज सकाळी तपासून घ्यावं लागे. त्यासाठी ज्याचं बीपी ठाऊक आहे, स्थिर आहे, असं घरातलं किंवा शेजारचं एक माणूस धरायचं. त्याचा आकडा नेहमीसारखा आला की मशीन ठीक. सलग काही दिवस फार वेगळा आला की मशीन बिघडलेलं समजायचं आणि कोठीत परत करायचं. भिंगरीचा स्वतःचा आकडा उंदरासारखा इकडून तिकडे पळायचा, त्यामुळे तिला स्वतःचा हात चालत नसे. नवऱ्याचा मात्र एकशे वीसच्या आसपास, उन्हाळा असो की हिवाळा. गेल्या कितीतरी मोहिमा तिने त्याच्यावर काढल्या होत्या. त्यांची मुलगी, जी आता शिकायला दुसऱ्या शहरात होती, ती म्हणायची, "आई, दुकानदाराच्या काट्याला जसं वजनाचं माप लागतं ना, तसं तू बाबांना केलंयस." भिंगरीला त्यात काही वाईट वाटत नसे. उलट तिला तेच आवडायचं. सगळं जग हलत असताना एक माणूस जागच्या जागी आहे, हे रोज सकाळी मोजून बघायला कुणाला आवडणार नाही?

या खेपेला खात्याने नवी मशीन घेतली. नव्या वस्तूवर आधी संशय घ्यायचा, हा सरकारी माणसाचा धर्म. त्यामुळे मशीन हातात पडायच्या आधीच सगळ्यांनी त्यांना नावं ठेवून घेतली होती. मोहीम सुरू व्हायला आठवडा होता. भिंगरीने मशीन घरी आणलं, सकाळी नवऱ्याच्या हाताला पट्टा बांधला, आणि आकडा आला एकशे अडुसष्ट.

"कर्म माझं," ती म्हणाली. "नवंकोरं आणि बिघडलेलं!"

पुन्हा मोजलं. एकशे सत्तर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. भिंगरीच्या आलं नाही. दुसऱ्या कुणाच्याही घरात, दुसऱ्या कुणाच्याही हाताला हा आकडा आला असता तर तिने ते वाक्य नेमक्या सुरात म्हटलं असतं. पण हा हात आकडा दाखवण्यासाठी नव्हताच. हा हात मशीन कसं आहे ते दाखवण्यासाठी होता. इतकी वर्षं त्या हाताकडे ती तशीच बघत आली होती, आणि सवयीचे डोळे आंधळ्या डोळ्यांपेक्षा वाईट असतात.

तिने मशीन कोठीत नेलं. कोठी म्हणजे कचेरीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. तिथे मशीन दुरुस्त करणारा बसायचा. त्याच्या खिशात कायम पक्कड असायची, म्हणून त्याला सगळे पक्कडराव म्हणायचे. त्याने मशीन नळीला जोडलं, काट्याशी ताडून पाहिलं आणि परत सरकवलं.

"बाई, हे ठणठणीत आहे."

"ठणठणीत काय! वीस-पंचवीस नव्हे, पन्नासाने जास्त दाखवतंय."

"ओळखीचा हात कुणाचा?"

"नवऱ्याचा."

"मग बरोबर आहे. बायकोने पट्टा आवळला की कुणाचंही चढणारच."

"पाचकळपणा पुरे. दुसरं द्या."

दुसरं दिलं. दुसऱ्याने नवऱ्याचा आकडा पहिल्यापेक्षाही जास्त दाखवला. भिंगरीने मशीन टेबलावर आदळलं. नवरा बाही खाली करत म्हणाला, "डोकं जरा जड आहे दोन-तीन दिवस."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल. किती दिवस सांगतेय, दाखवून घ्या."

"खरंय," तो म्हणाला आणि दारात उभा राहून गाडीची किल्ली शोधू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती. भिंगरीने ती पाहिली, त्याला दाखवली, हसली, आणि पिशवी उचलून त्याच्या आधी जिना उतरली.

कचेरीत बैठक होती. भिंगरीने उभं राहून सांगितलं, की या मशीनचा अख्खा घाणाच खराब आहे, आणि असल्या आकड्यांवर देशाचे तक्ते करायचे असतील तर घरोघर फिरण्याऐवजी सगळ्यांनी फासे टाकावेत. मोहिमेच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "आणखी कुणाचं मशीन असं करतंय?" कुणाचाच हात वर झाला नाही. भिंगरीने आजूबाजूला पाहिलं. कालपर्यंत याच मशीनच्या नावाने खडे फोडणारे आता छताकडे बघत होते.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "तिसरं मशीन घेऊन जा. तेही तुमच्याकडे चाललं नाही, तर या खेपेला तुम्ही आकडे भरायला बसा. बाहेर दुसरं कुणी जाईल."

आकडे भरायला बसा! सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एका खुर्चीत! भिंगरीला वाटलं, आपलं काही हातचं जाणार असेल तर ते हे फिरणंच.

ती तरातरा कोठीत गेली. या वेळी तिने घरी नेईपर्यंत धीर धरला नाही. तिसरं मशीन तिथेच उघडलं आणि पक्कडरावालाच खुर्चीत बसवलं. पाच मिनिटं त्याला गप्प ठेवणं ही शिक्षा कुणाला होती, सांगणं कठीण. त्याचा आकडा चांगला आला. मग झाडलोट करणाऱ्या मावशींना बसवलं. त्यांना कधीपासूनच बीपी होतं, गोळ्या चालू होत्या, आणि त्यांच्या डॉक्टरांकडे येतो तसाच आकडा आला. शेवटी तिने स्वतःच्या हाताला पट्टा लावला. तोही ठीक. पळापळ करणारा, पण ठीक.

"झालं समाधान?" पक्कडराव म्हणाला. "बाई, मशीन तीन बदलली. आता एकदा नवरा बदलून बघा."

मावशी झाडू टेकून हसायला लागल्या. कोठीतले दोन-चार जण हसले. भिंगरी सगळ्यांत मोठ्याने हसली. हसत हसत तिने पट्टा गुंडाळला, मशीन पिशवीत ठेवलं, हसतच कोठीच्या बाहेर पडली, आणि फाटकापाशी तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

मशीन चांगलं होतं. तिन्ही मशीन चांगली होती.

ती फाटकाला धरून उभी राहिली. जड डोकं. हातातली किल्ली. परवा पाणी पिताना त्याने पेला नीट टेबलावर न ठेवता कडेला ठेवला होता आणि तो पडला होता, तेव्हा ती ओरडली होती, लक्ष कुठे असतं तुमचं? इतके दिवस रोज सकाळी आकडा तिच्या डोळ्यांसमोर येत होता, आणि ती रोज सकाळी आकड्याशी भांडत होती.

तिने फोन लावला. बंद. शिकवताना तो फोन बंदच ठेवायचा. बस आली. बसमध्ये जागा होत्या, पण ती उभीच राहिली, दाराशी, जणू उभं राहिल्याने बस लवकर पोचणार होती. प्रत्येक थांब्यावर तिला वाटत होतं, उतरावं आणि पळावं. या क्षणी तो गाडीत आहे. शेजारी कुणी नवशिका आहे. आणि त्या नवशिक्याला ज्याच्या पायाचा भरवसा आहे, तो पाय... पुढचं तिने मनात येऊ दिलं नाही. आलंच तरी तिने ते हाकललं, आणि ते पुन्हा आलं.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे रस्त्यालगतचा एक गाळा, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या. मालकीणबाई टेबलापाशी बसल्या होत्या.

"आज इकडे कुठे? बसा ना."

"हे कुठे आहेत?"

"येतीलच. खरं म्हणजे एव्हाना यायला हवे होते." मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "उशीर करत नाहीत कधी."

भिंगरी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पांढरी गाडी दिसली की ती दोन पावलं पुढे जायची आणि गाडी दुसरीच निघायची. शेवटी वळणावरून ती आली, मुंगीच्या पावलांनी, टपावर शिकाऊची पाटी. स्टिअरिंगवर एक जाडजूड बाई होत्या, दात ओठांत रोवून गाडी हाकत होत्या. आणि शेजारी तो बसला होता. मान मागे टेकलेली. डोळे मिटलेले.

भिंगरी धावली ती थेट गाडीसमोर. बाईंनी किंकाळी फोडून ब्रेक दाबला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली.

नवऱ्याने डोळे उघडले. "ब्रेक छान," तो म्हणाला. "क्लच विसरलात." मग त्याला समोर बायको दिसली. "अगं, तू?"

"डोळे का मिटलेत?"

"डोकं ठणकतंय. उजेड सहन होईना. या बाई चांगल्या चालवतात, म्हटलं जरा..."

"उतरा."

त्याने सवयीने गाडीची किल्ली काढून खिशात टाकली, आणि तिने त्याला आत आणून खुर्चीत बसवलं. "पाठ टेकवा. पाय जमिनीवर. बोलायचं नाही." आवाज नेहमीचाच लागला, पण पट्टा तिने आधी उलटा बांधला, मग सोडून पुन्हा नीट बांधला. मालकीणबाई आणि त्या शिकणाऱ्या बाई दाराशी उभ्या राहिल्या. भिंतीवरचा एक तक्ता वाकडा होता. भिंगरीने तो सरळ केला नाही. ती नवऱ्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली, आणि पाच मिनिटं त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. डोळ्यांखाली सूज होती. ती कधीपासून होती? रोज सकाळी त्याचा हात ती हातात घेत होती, आणि चेहरा शेवटचा नीट कधी पाहिला होता, ते तिला आठवेना.

पहिला आकडा आला. दुसरा आला. तिसरा आला. पहिला सोडायची गरजच पडली नाही, तिन्ही सारखेच होते, आणि सकाळपेक्षाही वर.

तो तिच्याकडे बघत होता. "हेही बिघडलेलंच का?"

"नाही. मशीन चांगलं आहे. आधीचीही चांगलीच होती हो."

कळायला त्याला वेळ लागला नसावा; नेहमीचं खरंय मात्र या वेळी तोंडातून निघालं नाही. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. इतक्या घरी इतक्या माणसांना ती जे सांगत आली होती, ते तिला आता सांगता येत नव्हतं. ओठ हलत होते, सूर लागत नव्हता. तेव्हा तोच म्हणाला, तिच्याच स्वयंपाकघरातल्या सुरात, ना जड ना हलका, "घाबरण्यासारखं काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बरोबर ना?"

"नाही," ती म्हणाली. "आज. आत्ता."

ते दुसरं वाक्य त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. त्याने खिशातून किल्ली काढली, आणि भिंगरीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. घेतली खरी, पण तिला गाडी कुठे येत होती? रागाने आणि भीतीने ती त्या किल्लीकडे बघत उभी राहिली.

"द्या इकडे," शिकणाऱ्या बाई म्हणाल्या. "मी नेते."

मालकीणबाई पुढे, जादा ब्रेकपाशी बसल्या. नवरा-बायको मागे. इतक्या वर्षांत तो त्या गाडीत मागे कधी बसला नव्हता. प्रत्येक वळणाला त्याचा पाय समोरच्या खुर्चीखाली ब्रेक शोधायचा आणि नुसतीच जमीन दाबायचा. गाडी हळू चालली होती, सायकलवाले पुढे जात होते. भिंगरीच्या तोंडाशी दहादा आलं, की बाई, जरा जोरात. ती बोलली नाही. जिथे पट्टा बांधला होता तिथेच, कोपराच्या वर, तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"भिंगरी," तो थोड्या वेळाने म्हणाला, "तू हललीच नाहीस मघापासून."

"बोलू नका."

"आता कुठे मोजायचंय?"

"बोलू नका म्हटलं ना," ती म्हणाली, आणि हाताची पकड आणखी घट्ट केली.